घरच्या घरी अभ्यंग: सुरुवात तळपायापासून करा

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ४२, राहायला ठाण्याला, दिवसाचे नऊ-दहा तास लॅपटॉपसमोर. संध्याकाळपर्यंत मान आणि उजवा खांदा आखडतो, रात्री अंथरुणावर पडलं तरी तासभर झोप लागत नाही. पोटऱ्यांवर निळसर शिरा दिसायला लागल्या आहेत. थाई मसाज, शियात्सू (बोटांनी दाब देण्याची जपानी पद्धत), गुआ शा (कातडी घासण्याची चिनी पद्धत), अभ्यंग (अंगाला तेल लावून मालिश), कोरडा ब्रश असं बरंच काही पाहून तुम्ही ब्रश, दगडाचा रोलर आणि तीन प्रकारची तेलं मागवलीत, आठवडाभर सगळं केलंत आणि मग ते मागे पडलं. आता यातलं नेमकं काय निवडू, तेल कोणतं वापरू, यानं शरीरातली विषारी द्रव्यं खरंच निघतात का, आणि मधुमेह असलेल्या आईलाही करून देता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी पंचकर्म थेरपिस्ट आहे. वैद्य नाही. वैद्य तपासतात, काय करायचं ते लिहून देतात आणि आम्ही ते हातानं करतो. त्यामुळे पुढे जे सांगते आहे ते रोज वेगवेगळ्या अंगांवर हात फिरवून जे कळलं त्यातून आलेलं आहे. ज्या ठिकाणी डॉक्टरांचं काम आहे तिथे तसं स्पष्ट म्हणेन.

तुम्ही विचारलंत 'कोणतं निवडू', पण खरी अडचण मला निवडीची वाटत नाही. दोन निराळ्या गोष्टी तुम्ही एकत्र केल्या आहेत. काही पद्धती दुसऱ्याच्या हातून घ्यायच्या असतात आणि काही स्वतःच्या हातानं करायच्या. थाई मसाज जमिनीवर अंथरलेल्या गादीवर, सैल कपडे घालून, बहुधा तेलाशिवाय करतात. करणारा माणूस तळवे, अंगठे, कोपरं, गुडघे आणि स्वतःचं वजन वापरून तुमचं अंग ताणतो. युनेस्कोनं २०१९ मध्ये ही विद्या मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. शियात्सू करणाऱ्याला जपानमध्ये निदान तीन वर्षं शिकून सरकारी परवाना घ्यावा लागतो. ही कामं व्हिडिओ बघून स्वतःच्या अंगावर होणारी नाहीत. तसा प्रयत्न केला की हात दुखतात, फरक पडत नाही आणि आपण कंटाळून सोडून देतो.

पण या प्रत्येक परंपरेत एक भाग असाही आहे जो माणसानं स्वतःसाठी रोज करायचा असतो, आणि जाहिरातींत नेमका तोच दिसत नाही. बँकॉकच्या वाट फो मंदिरात तापसांचे पुतळे आहेत, कुणी स्वतःचा पाय दाबतोय, कुणी खांदा ताणतोय. राजा तिसरा राम याच्या काळात, १९व्या शतकात, ते घडवले गेले. थाई लोक त्या व्यायामांना 'रुसी दात तोन' म्हणतात. चीनमध्ये मावांगडुईच्या थडग्यात रेशमावर रंगवलेला एक तक्ता सापडला, त्यात स्त्री-पुरुष हात-पाय ताणण्याच्या निरनिराळ्या स्थितींत दाखवले आहेत. ते थडगं इ. स. पूर्व १६८ मधलं आहे. आणि आपल्याकडे वाग्भटानं 'अष्टांगहृदय' या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात अभ्यंग सांगितला तो दिनचर्येच्या अध्यायात, दात घासणं, व्यायाम, आंघोळ यांच्या सोबतीनं. म्हणजे ती रोजच्या वागण्यातली गोष्ट आहे. रोग झाल्यावर घ्यायचा उपचार म्हणूनही तेल येतं, पण तो निराळा विषय.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे. सुरुवात अभ्यंगानं करा. तो थाई किंवा जपानी पद्धतीपेक्षा श्रेष्ठ आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. कारण एवढंच की तो स्वतःच्या हातानं होतो, त्याचं सामान तुमच्या घरात आहे, आणि त्याची ओळख तुम्हाला लहानपणापासून आहे. नरकचतुर्दशीला पहाटे पाटावर बसवून आईनं तेल चोळलं असेल, उटणं लावलं असेल. घरात कुणाचं बाळंतपण झालं असेल तर मालिशवाल्या मावशी सव्वा महिना येऊन बाळ-बाळंतिणीला कसं न्हाऊ घालतात तेही पाहिलं असेल. जमलं तर अशा एखाद्या मावशीला घरी बोलावून तिचे हात कसे चालतात ते नीट बघा. अंगठ्याच्या टोकानं दाब न देता तळव्याच्या पुड्यानं, म्हणजे मनगटाजवळच्या मांसल भागानं, कसा द्यायचा, हे मी अशाच बायकांकडून शिकले. प्रशिक्षण नंतर झालं.

आता सुरुवात नेमकी कशी. वाग्भटानं अंगभर अभ्यंग सांगून पुढे म्हटलंय की डोकं, कान आणि पाय इथे तो विशेष करून करावा. मी नव्या माणसाला त्यातले फक्त पाय देते. पहिले तीन आठवडे, रात्री झोपण्यापूर्वी, फक्त तळपाय. याचं कारण व्यवहाराचं आहे. पूर्ण अभ्यंगाला कपडे काढा, जुनं काहीतरी अंथरा, तेल गरम करा, थांबा, मग आंघोळ, मग बाथरूम घासा, असा तास-सव्वा तास जातो. नोकरी करणाऱ्या बाईला हे रोज जमणार नाही, आणि जमलं नाही की 'माझ्याच्यानं काही होत नाही' असं वाटायला लागतं. तळपायाला दहा मिनिटं पुरतात, नंतर आंघोळ लागत नाही, आणि ज्या वेळी तुम्ही नाहीतरी मोबाइल घेऊन पडलेल्या असता तीच वेळ त्यासाठी वापरता येते.

पाय कोमट पाण्यानं धुवा आणि बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करा. पलंगावर जुना पंचा अंथरून एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. चमचाभर तेल किंवा साजूक तूप दोन्ही तळव्यांवर पसरून आधी अख्ख्या पावलाला लावा. मग टाचेपासून बोटांकडे, तळव्याच्या पुड्यानं, सावकाश. घाई केली तर नुसतं तेल लागतं, मालिश होत नाही. नंतर एका हाताच्या अंगठ्यावर दुसरा अंगठा ठेवून पावलाच्या कमानीत दाबा, श्वास सोडेपर्यंत दाब ठेवा, मग थोडं पुढे सरका. प्रत्येक बोट मुळापासून टोकापर्यंत हलकं ओढा. घोट्याभोवती गोल फिरवा. एवढं झालं की पाय पुसून जुने सुती मोजे घाला. तेलकट पायानं फरशीवर चालू नका. पाय घसरून मनगट मोडलेली माणसं माझ्या पाहण्यात आहेत.

घरात काशाची वाटी असेल तर तिची गोलाई तळव्यावर फिरवायला फार छान. आजीच्या ट्रंकेत बहुतेक सापडेल, नाहीतर भांड्यांच्या जुन्या पेठेत मिळते. कासं म्हणजे तांबं आणि कथलाचा मिश्रधातू. तो गुळगुळीत असतो आणि हातापेक्षा समान दाब देतो. वाटी पाच-सात मिनिटं फिरवली की तळवा करडा, कधी चांगला काळा होतो आणि सगळे म्हणतात 'बघा, अंगातली उष्णता निघाली'. ताई, तो रंग धातूचा आहे. धातू घासला जातो आणि तेल-घामाशी मिसळून काळा पडतो. कुणाच्या पायाला जास्त, कुणाच्या कमी. त्यावरून कुणाच्या शरीराची परीक्षा करू नका. वाटीनं पाय हलके होतात, डोळ्यांवर झापड येते, हे मी रोज बघते आणि तेवढं मला पुरेसं आहे.

झोपेसाठी यामागे एक साधं कारणही आहे. हातापायांच्या रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या, पाय उबदार झाले, की शरीराला आतली उष्णता बाहेर टाकता येते आणि आतलं तापमान थोडं उतरलं की झोप लागणं सोपं जातं. ठाण्याच्या दमट हवेतही एसीखाली कित्येकांचे पाय गार पडलेले असतात. शिवाय त्या दहा मिनिटांत दोन्ही हात तेलानं माखलेले असल्यामुळे फोन हातात घेता येत नाही. झोपेत पडणाऱ्या फरकाचं बरंचसं श्रेय मी यालाही देते.

तीन आठवडे पाय नियमानं झाले, आठवड्यातून चार-पाच रात्री झाले तरी नियमानंच म्हणेन, की मग सुट्टीच्या दिवशी पूर्ण अभ्यंग सुरू करा. आठवड्यातून एकदा. सकाळी, रिकाम्या पोटी किंवा चहानंतर थोडं थांबून. जेवण झाल्यावर दोन-तीन तास नको.

तेल वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. थेट गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तेल तापवू नका, कारण तेल किती तापलंय ते दिसत नाही आणि चटका खोल बसतो. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून पाहा, सुखद वाटलं पाहिजे. एका वेळेला पाऊण वाटीच्या आत तेल पुरतं. बाथरूममध्येच प्लॅस्टिकच्या स्टुलावर किंवा पाटावर बसा, खाली जुना पंचा. टाळूवर थोडं, कानांच्या पाळ्यांना आणि मागे थोडं. कानात तेल घालू नका. पडद्याला छिद्र आहे की नाही ते आपल्याला बाहेरून कळत नाही. मग मान-खांदे. हात आणि पाय यांना लांब हाड आहे तिथे लांब, सरळ हात फिरवायचा आणि कोपर, मनगट, गुडघा अशा सांध्यांवर गोल. पोटावर हात उजवीकडून वर, मग डावीकडे, मग खाली, म्हणजे मोठ्या आतड्याच्या वाटेनं, अगदी हलका. पाठीला जिथवर हात पोचेल तिथवरच. उरलेल्या पाठीसाठी खांदे मोडून घेऊ नका, ती जागा घरातल्या माणसाला द्या.

तुमच्या पोटऱ्यांचं मुद्दाम निराळं सांगते. शिरा दिसतात तिथे कोरडा ब्रश, गुआ शा, रोलर, जोराचा दाब, यांतलं काहीही नको. गुआ शामध्ये कातडीवर घासून लाल-जांभळे ठिपके उठवतात, बारीक रक्तवाहिन्या फुटून ते येतात, आणि ज्या पायात शिरांना आधीच ताण आहे तिथे हे करण्यात अर्थ नाही. तेल लावा, पण घोट्याकडून गुडघ्याकडे, वरच्या दिशेनं, नुसता हात सरकवल्यासारखं. एका डॉक्टरांना त्या शिरा एकदा दाखवून घ्या. आणि कधी एकच पाय अचानक सुजला, दुखायला लागला, गरम लागला, तर त्याला हातही न लावता त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. शिरेत रक्ताची गाठ असेल तर चोळल्यानं ती सुटून फुफ्फुसाकडे जाऊ शकते. 'पाय दुखतोय, जरा तेल लावून दे' असं घरोघरी म्हटलं जातं, म्हणून हे इतकं ठासून लिहिलं.

तेल लावून झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मग गरम पाण्यानं आंघोळ. आंघोळीआधी जुन्या सुती फडक्यानं जादा तेल टिपून घ्या, नाहीतर तेल आणि पीठ मिळून मोरी तुंबते. अंगाला मसूर डाळीचं किंवा हरभरा डाळीचं पीठ, किंवा उटणं. उटण्यात चंदन, वाळा, नागरमोथा, आंबेहळद, कापूरकाचरी असतं. घरी करणार असाल तर बारीक दळून वस्त्रगाळ करा, नाहीतर ते कातडीला ओरखडे काढतं. घासू नका, पिठाची पेस्ट लावून हलक्या हातानं काढा. काखा आणि जांघा साबणानं धुवा. बाकी अंगावर थोडा तेलाचा ओलसरपणा राहिला तर तो राहू द्या, तुम्ही लोशन लावता ते याच कामासाठी. डोक्याला शिकेकाई जमली तर उत्तम, नाहीतर नेहमीचा शाम्पू चालेल.

पंचांचं तेवढं बघा. तेलकट पंचे गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून वेगळे धुवा आणि दोरीवर वाळवा. तुमच्यासारखाच प्रश्न परदेशात राहणाऱ्या कुणाला असेल तर त्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं: तेल न निघालेले सुती पंचे गरम ड्रायरमध्ये टाकून नंतर घडी करून ठेवले तर ते आपोआप तापत जाऊन पेटू शकतात.

तेल कोणतं, यावर लोक तासन् तास वाद घालतात. माझ्या मते पहिल्या तीन महिन्यांसाठी कच्च्या तिळाचं, घाण्यावर काढलेलं साधं तेल घ्या. पूर्व आशियाई स्वयंपाकात वापरतात ते भाजलेल्या तिळाचं, तपकिरी, वासाचं तेल असतं, ते नको. एप्रिल-मे मध्ये तीळ उष्ण वाटला, अंगावर घामोळं आलं, तर खोबरेल वापरा. कोकणात आणि गोव्यात खोबरेलच चालतं आणि त्या हवेला ते योग्यही आहे. ऑलिव्ह तेलाचं फार कौतुक होतं, पण त्यात ओलिक आम्ल जास्त असतं आणि कोरड्या किंवा इसब असलेल्या त्वचेला ते मानवत नाही. क्षीरबला, महानारायण अशी सिद्ध, म्हणजे औषधी वनस्पती घालून केलेली, तेलं चांगली आहेत, ती वैद्यांनी सांगितली तर घ्या. आपल्या मनानं पहिल्याच दिवशी नको. सुगंधी अर्क थेट कातडीवर कधीच नाही. आणि कोणतंही तेल असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघा. तिळाची अॅलर्जी असणारी माणसं आहेत, थोडी असली तरी आहेत.

मान आणि खांद्याचं दुखणं तुमचं मुख्य गाऱ्हाणं आहे, पण ते मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण तिथे तेलापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा उपयोग जास्त होतो. शियात्सूमधली एकच गोष्ट त्यासाठी उसनी घ्या: न चोळता, एका जागी स्थिर दाब. ऑफिसमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या, कपड्यांवरूनच. डाव्या हाताची मधली तीन बोटं उजव्या खांद्याच्या वरच्या मांसल पट्ट्यावर आकड्यासारखी अडकवा. कोपर सैल सोडा, हाताच्या वजनानंच दाब पडू द्या. श्वास सोडताना मान हळूच डावीकडे कलती करा, पाच-सात सेकंद थांबा, सोडा, बोटभर बाहेरच्या बाजूला सरका. मानेकडून खांद्याच्या टोकापर्यंत तीन-चार जागा होतात. मग दोन्ही अंगठे कवटीच्या खालच्या कडेला, मणक्याच्या दोन बाजूंना, आणि डोकं थोडं मागे टेकवा. दुखरी पण बरी वाटणारी कळ आली तर जागा बरोबर आहे. झिणझिण्या, चक्कर किंवा हातात वीज गेल्यासारखं झालं तर लगेच थांबा. मानेच्या पुढच्या भागाला दाब कधीच द्यायचा नाही, तिथून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्या जातात.

दिवसातून तीनदा, दोन-दोन मिनिटं. याच्या जोडीला लॅपटॉप पुस्तकांवर ठेवून डोळ्यांच्या पातळीत आणा आणि वेगळा कीबोर्ड घ्या. मान नऊ तास खाली वाकलेली राहणार असेल तर रात्रीची कोणतीही मालिश तिला पुरी पडणार नाही, हे मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक संगणकवाल्याला सांगते. हाताला मुंग्या येतात, पकड ढिली वाटते, रात्री दुखण्यानं जाग येते, असं काही असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

आणि सलूनमध्ये किंवा पार्लरमध्ये चंपीच्या शेवटी मान खटकन मोडून घेतात, ते कृपा करून घेऊ नका. 'मोकळं वाटतं' हे खरं असेल, पण त्या झटक्यानं मानेच्या मणक्यांतून जाणाऱ्या धमनीचं अस्तर फाटू शकतं आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचित होतं, पण होतं, आणि ते तरुण माणसांनाही होतं. आधीच सांगा, 'मान मोडायची नाही'. चांगला कारागीर याचा राग धरत नाही.

विषारी द्रव्यांचं विचारलंत. शरीरातला टाकाऊ माल काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. मालिशनं ते काम वाढतं असं मी कधी कुणाला सांगत नाही. उटणं चोळून चरबी वितळत नाही, रोलरनं चेहऱ्याची हाडं बदलत नाहीत. मालिशनं काय होतं ते मात्र पुरेसं मोठं आहे. आखडलेले स्नायू काही काळ सैल होतात, मानेचं दुखणं काही दिवस कमी राहतं, त्वचेचा कोरडेपणा जातो, श्वास संथ होतो, झोप सुधारते. आणि एक गोष्ट मी अनुभवानं सांगते: रोज स्वतःच्या अंगावर हात फिरवणाऱ्या बाईला गाठ, नवा तीळ, सूज, दुखरी जागा लवकर कळते. आपल्याकडे बायका घरातल्या सगळ्यांच्या अंगाकडे बघतात, स्वतःच्या अंगाकडे बघायचं राहूनच जातं.

केव्हा करायचं नाही तेही लिहिते. ताप असताना, सर्दी-कफ भरलेला असताना, अपचन झालेलं असताना अभ्यंग नको. यातलं कफाचं आणि अपचनाचं वाग्भटानंही सांगून ठेवलंय आणि अनुभव तसाच आहे. कातडीवर जखम, गजकर्ण, पू असलेल्या पुळ्या असतील तर त्या भागाला हात नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कर्करोगाचे उपचार, आवाक्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण, नुकती झालेली शस्त्रक्रिया, यांत आधी डॉक्टरांची परवानगी. पाळीच्या दिवसांत परंपरेनं करत नाहीत. कुणाला त्या दिवसांत नुसत्या पायांना तेल लावलेलं बरं वाटतं, कुणाला स्पर्शच नको असतो. तुमचं अंग सांगेल तसं करा.

थोडक्यात पुढचे दोन महिने असे जातील: रात्री तळपाय, दिवसा खुर्चीतला खांद्याचा दाब, आणि चौथ्या आठवड्यापासून सुट्टीला एक पूर्ण अभ्यंग. ब्रश आणि दगड कपाटात राहू द्या. हे अंगवळणी पडलं की मग महिन्या-दोन महिन्यांनी एकदा थाई मसाज किंवा चांगल्या पंचकर्म केंद्रातला अभ्यंग घ्यायला जरूर जा. तेव्हा आपल्याला कुठे किती दाब हवा हे तुम्हाला नेमकं सांगता येईल. जागा निवडताना एक पारख करा. सुरू करण्याआधी ते तुम्हाला आजार, औषधं, शस्त्रक्रिया यांबद्दल विचारतात का? शिरांबद्दल सांगितल्यावर पद्धत बदलतात का? न विचारता जे थेट टेबलावर झोपवतात तिथून परत या, पैसे भरले असतील तरी. 'दुखलं तरच गुण येतो' असं म्हणणाऱ्याच्या हाती अंग देऊ नका.

आता आईंचं. करून देता येईल, आणि त्यांना ते आवडेलही, पण त्यांच्या बाबतीत पायांना हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी बघाव्या लागतात. मधुमेह जुना असेल तर पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. त्यांना डोळे मिटायला सांगून तुमच्या बोटाच्या टोकानं एकेक पाऊलबोट हलकेच टेकवा आणि कुठे स्पर्श झाला ते विचारा. सांगता आलं नाही तर गरम तेल पूर्ण बंद, शेक बंद, काशाची वाटीही बंद, आणि पायांची तपासणी डॉक्टरांकडून. त्यांना चटका कळणारच नाही. संवेदना ठीक असेल तर खोलीच्या तापमानाचं तेल, नुसत्या तळव्यानं, हलका हात. रोज लावताना टाचांच्या भेगा, बोटांच्या बेचक्या, नखांचे कोपरे चांगल्या उजेडात बघा. बेचक्यांत तेल राहू देऊ नका, तिथे ओलावा साचून बुरशी धरते, म्हणून शेवटी सुती फडकं प्रत्येक बेचक्यातून फिरवा. छोटी जखम, फोड, काळसर डाग दिसला की त्या पायाचं तेल थांबवून दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. हात, खांदे आणि डोक्याला तेल लावायला काहीच हरकत नाही. त्या इन्सुलिन घेत असतील तर सुई टोचली त्या जागी लगेच चोळू नका, औषध लवकर शोषलं जाऊन साखर खाली येऊ शकते.

सुरू केल्यावर महिनाभरानं कसं चाललंय ते इथेच लिहा. विशेष करून झोपेचं आणि उजव्या खांद्याचं, म्हणजे पुढे काय बदलायचं ते बघता येईल.